मदत हवी आहे: सीटी व्हॅल्यू आणि कोविडची तीव्रता

नमस्कार मंडळी,

एप्रिल २०२१ मध्ये आई-बाबा दोघांनाही कोविडमुळे अ‍ॅडमिट करावं लागलं होतं. परवा ती फाईल पुन्हा काढली. आरटी-पीसीआर चाचणीत बाबांची सीटी (विषाणूचा अंश दुप्पट करत नेताना कितव्या सायकलला तो सापडला, तो आकडा) १७, आईची २९. सीटी जितकी कमी तितका विषाणू जास्त, आणि एका सायकलला दुप्पट धरलं तर १२ सायकलचा फरक म्हणजे चार हजार पट! तरी बाबा पाचव्या दिवशी उठून बसले, चहा मागायला लागले. आईचं ऑक्सिजन ८४ वर, एचआरसीटी (छातीचा स्कॅन) स्कोअर २५ पैकी १८, म्हणजे फुफ्फुसं बरीच बाधित. "२९ आहे, काळजी नको" असं सगळे म्हणाले, म्हणून आम्ही तिला दोन दिवस उशिरा नेलं. ते दोन दिवस अजून मनातून जात नाहीत. ती वाचली, पण जिना चढताना आजही मध्येच थांबते.

आता तारखा नीट बघितल्या. बाबांचा स्वॅब तापाच्या दुसऱ्या दिवशीचा, आईचा नवव्या. तोवर घशातला विषाणू ओसरलेला असतो आणि फुफ्फुसातली सूज वाढत असते, हे मला पटतं. सीटीवरून तीव्रता ठरवू नका, असं आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगितलं होतं.

इथे कोणी मायक्रोबायोलॉजी किंवा आयसीयूमधलं आहे का? लक्षणांचा दिवस सारखा धरून दाखल रुग्णांची तुलना केलेले अभ्यास हवे आहेत. घशाऐवजी रक्तात विषाणू सापडणं हे जास्त गंभीर लक्षण मानतात का?