हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी : तुमच्या घरचे अनुभव लिहा

बाबांची बायपास झाली आणि आम्ही त्यांना घरी आणलं, तेव्हा हातात जाड फाइल होती. गोळ्या, पथ्य, पुढची तारीख, सगळं तिच्यात होतं. पण खाटेवरून उठवताना हात कुठे लावायचा, खोकल्याची उबळ आली की काय करायचं, हे आम्हाला शेजारच्या काकूंनी सांगितलं. काकांचं ऑपरेशन आधी झालं होतं. अशा काकू सगळ्यांना शेजारी मिळत नाहीत, म्हणून हे लिहायला बसले. औषधांचे सल्ले इथे नकोत, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी द्यायचे. घरात काय केलं, कोणी केलं, कशाचा उपयोग झाला, तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

छातीचं मधलं हाड कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात, पुरतं घट्ट व्हायला साधारण ३ महिने. तोवर हातांवर भार देऊन उठायचं नाही, काही ढकलायचं-ओढायचं नाही. आपल्याकडे आजारी माणसाला उठवायचं म्हणजे काखेत हात घालून वर घ्यायचं, आणि नेमकं तेच इथे चालत नाही. बाबा उशी छातीशी कवटाळून कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, आम्ही पाठीला फक्त आधार द्यायचो. खोकताना, शिंकतानाही तीच उशी. दिवाण बुटका होता, त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून घेतले. देशी संडासावर कमोडची खुर्ची ठेवली.

श्वासाच्या व्यायामाचं ते यंत्र मिळतं ना, आत प्लास्टिकच्या तीन गोल गोळ्या असलेलं, त्यात फुंकायचं नसतं. श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. माझी मुलगी शाळेतून आली की आजोबांसमोर बसायची, आणि ती समोर असली की तिसरी गोळी हमखास हलायची.

मनाचं मात्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा बातम्या बघता बघता रडायचे, भाजी गार आहे म्हणून चिडायचे. जखम भरत होती, चालणं वाढत होतं, मग हे काय, म्हणून आई धास्तावली. तपासणीला गेलो तेव्हा विचारलं. अशा ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं काही आठवडे असं होतं, आणि लांबलं तर त्यावरही उपचार आहेत, असं डॉक्टर म्हणाले. बाबांचे टेकडीवर फिरायला जाणारे मित्र संध्याकाळी यायचे. तब्येतीचं काढायचे नाहीत, पेपरातली बातमी मोठ्याने वाचायचे आणि तिच्यावर वाद घालायचे. त्याने जेवढा फरक पडला तेवढा आमच्या धीराच्या शब्दांनी पडला नाही.

कोल्हापूरजवळून, पत्नी

आमच्याकडे ह्यांना घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं सुरू. प्रेमाचीच सगळी, पण प्रत्येकजण ऑपरेशन पहिल्यापासून ऐकणार आणि मी चहा ठेवणार. ह्यांना बोलून दम लागायचा. शेवटी माझ्या धाकट्या जाऊबाई पुढच्या सोप्यात बसायला लागल्या. आलेल्यांना पाणी देऊन, चार शब्द बोलून तिथूनच निरोप द्यायच्या. सर्दी-खोकला असलेल्याला तर उंबऱ्याच्या आत घेतच नव्हत्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

जेवणाचं सांगते. सुरुवातीला तोंडाला चवच नसते. मऊ भात, मुगाचं वरण, थोडी भाजी, असं थोडं थोडं पण जास्त वेळा दिलं. मीठ कमी केलं, म्हणून लोणचं, पापड, फरसाण घरातच आणलं नाही. पथ्य सगळ्या घरानंच पाळलं. लसूण, जिरं, लिंबू यावर चव निभावली. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथायचं तर नसतं, त्यामुळे पपई आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल.

आता माझं. रात्री ह्यांनी कूस बदलली तरी मला जाग यायची. सुनेनं ते ओळखलं. तिनं माझ्या बीपीच्या गोळ्या ह्यांच्याच डब्यात वेगळ्या कप्प्यात लावल्या आणि रात्रीच्या पाळ्या लावून दिल्या, एक मुलाची, एक पुतण्याची. बायांनो, हे पहिल्या आठवड्यातच करा.

रत्नागिरी जिल्हा, स्वतः रुग्ण

माझं बायपास नाही, हृदयातली झडप बदलली. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्याने मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप खराब झाली. बसवलेली झडप आपल्या देशातली आहे, तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत विकसित झालेली, १९९० पासून वापरात आहे. रात्री घर शांत झालं की तिची टिकटिक ऐकू येते. पहिल्यांदा मला झोप लागत नव्हती. माझा मुलगा छातीला कान लावून ऐकायचा आणि ‘चालू आहे’ म्हणून सांगायचा. आता ती थांबत नाही याचाच आधार वाटतो.

धातूची झडप असली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. त्यासाठी आयएनआरची तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा. माझ्यासाठी डॉक्टरांनी २.५ ते ३.५ ठरवून दिलंय. कमी झालं तर झडपेवर गुठळीची भीती, वाढलं तर रक्तस्रावाची. तपासणी तालुक्याला, एसटीने. यजमान कॅलेंडरवर तारीख, आकडा आणि गोळीचं प्रमाण लिहितात आणि तो कागद डॉक्टरांना दाखवतात. पालेभाजीने हा आकडा बदलतो. ती सोडायची नाही, पण आठवडाभर नाही आणि एके दिवशी टोपभर, असंही नको. दर आठवड्याला साधारण तेवढीच. सांधे दुखले म्हणून मनाने गोळी घ्यायची नाही, झाडपाल्याचं औषधही विचारल्याशिवाय नाही. विळीवर मी आता चिरत नाही, सासूबाई चिरून देतात. दात काढायचा असला तर आधी दातांच्या डॉक्टरांना झडपेचं सांगायचं. आणि तरुण मुलींना मुद्दाम सांगते, ही गोळी चालू असताना मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला, नंतर नाही.

पेनिसिलिनचं इंजेक्शन मला दर ३ आठवड्यांनी अजून चालू आहे. झडप नवी बसली तरी तो ताप परत येऊ नये म्हणून.

परभणीकडून, मुलगा

वडलांचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. ऑपरेशनला पैसा लागला नाही, पण आमचं तिथलं राहणं-जेवण आणि पुढच्या खेपांचं भाडं घरचंच होतं. नातेवाईक जाणार असतील त्यांनी तेवढी तजवीज ठेवावी.

वडलांना साखर आहे. छातीपेक्षा पायानं जास्त दमवलं. बायपासला पायातली शीर काढून घेतात, तिथली जखम उशिरा भरली, पायाला सूज यायची. बसले की पाय उशीवर. गावात कुणी हळद भरा म्हणालं, कुणी तेल लावा. आईनं कुणाला हात लावू दिला नाही. लाली, पाणी येणं, ताप, यातलं काही दिसलं की थेट दवाखाना, हे तिनं पाठ केलं होतं.

रोज सकाळी वजन करायला सांगितलं होतं. आमच्याकडं कुठला काटा? पण धान्याचा होता. लघवीला जाऊन आले की वडील त्याच्यावर उभे राहायचे आणि बहीण वहीत आकडा लिहायची. एकदा दोनच दिवसांत वजन दोन किलोहून जास्त वाढलं, आडवं झालं की दम लागायला लागला. आम्ही लगेच दवाखान्यात फोन केला, त्यांनी बोलावून घेतलं. अंगात पाणी साठत होतं. गोळी बदलली आणि उतरलं. ती वही नसती तर आम्ही अशक्तपणा म्हणून बसलो असतो.

मेलबर्नहून, मुलगी

आई पुण्यात, मी इथे. सगळं प्रत्यक्ष वहिनी करत होती. मी रोज फोनवर ‘हे दिलं का, ते दिलं का’ विचारायचं नाही असं ठरवलं आणि लांबून होण्यासारखी कामं मागून घेतली : विम्याचे कागद, औषधं संपायच्या आत मागवणं, रात्रीच्या मावशींचे पैसे. मावशी आल्यावर वहिनीला सलग झोप मिळायला लागली. आईशी मी गप्पाच मारल्या.

सातारा, स्वतः रुग्ण, निवृत्त एसटी चालक

घरच्यांनी जिवापाड केलं. पण एक वेळ अशी येते की पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू देत नाही, आणि माणूस मनानं खाटेला चिकटतो. मुलानं डॉक्टरांकडून यादीच लिहून आणली, काय करायचं नाही आणि काय करायचंच. घडी घालणं, लसूण सोलणं, झाडांना छोट्या झारीनं पाणी, हे माझ्याकडं आलं. चालणं अंगणातल्या अंगणात, रोज थोडं वाढवत. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं तर वेग कमी. मिसेस बरोबर चालायची, म्हणून बोलायला माणूस होतं.

गाडी चालवायला डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावला नाही. आयुष्य चाकावर गेलेल्या माणसाला ते अवघड जातं. मी मागच्या सीटवर, पट्टा आणि छातीच्या मध्ये उशी.

आणखी एक, जे कुणी लिहिलेलं नाही. नवरा-बायकोचं नातं पुन्हा कधी, हे आमच्या वयात कुणी विचारत नाही, आणि दोघंही मनात भीती घेऊन राहतात. माझ्या मिसेसनं तपासणीच्या वेळी सरळ विचारलं. डॉक्टरांनीही सरळ सांगितलं : दम न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढता आले की सहसा हरकत नाही, हाड जुळेपर्यंत हातांवर भार नको, आणि त्यासाठी मनानं कुठलीही गोळी घ्यायची नाही. ज्यांना विचारायला संकोच वाटतो त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यावं. डॉक्टर वाचतात आणि उत्तर देतात.