६ फेब्रुवारी : स्मृतिदिन आणि जयंती एकत्र

नौपाडाकर :
ठाण्यातील आमच्या सोसायटीत ६ फेब्रुवारीला लतादीदींच्या स्मृतिदिनानिमित्त गाण्यांचा कार्यक्रम आहे. सूत्रसंचालन माझ्याकडे असल्याने विचारतो : सुगम किंवा लोकप्रिय संगीताच्या इतिहासात या तारखेला आणखी काय घडले आहे?

वाशीकर :
याच तारखेला, १९१५ साली, कवी प्रदीप यांचा जन्म झाला. १९६२ च्या युद्धातील हुतात्म्यांसाठी त्यांनी लिहिलेले आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी स्वरबद्ध केलेले 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर गायले. पुढे २०२२ मध्ये लताबाईंचे निधन नेमके या गीतकाराच्या जन्मदिनी झाले. निवेदनाचा कणा इथेच सापडतो. निवेदक बहुधा गायिकेपाशीच थांबतात, म्हणून संगीतकाराचे नावही आवर्जून घ्यावे.

घोडबंदरकर :
प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांचा जन्मही ६ फेब्रुवारीचाच, साल १९४५, जमैकातला. १९७८ च्या किंग्स्टन येथील शांतता मैफलीत त्यांनी मॅन्ली आणि सीगा या कट्टर राजकीय विरोधकांना रंगमंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हाती दिले होते.

वाशीकर :
प्रसंग मोठा आहे, परंतु या कार्यक्रमात तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. फार तर मध्यंतरानंतर एका वाक्यात उल्लेख करावा.

नौपाडाकर :
मान्य. सुरुवात प्रदीपजींपासून करतो आणि मार्ली यांचा उल्लेख मध्यंतरानंतर घेतो.