त्रिनिदाद-टोबॅगो: पक्षी, बीच आणि सासूबाई एकाच ट्रिपमध्ये जमेल का?

निळीछत्री:
एप्रिलमध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोला जायचं चाललंय. मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याला पक्षी बघायचेत, मला निवांत बीच हवाय, सासूबाईंचे गुडघे दुखतात पण उत्साह आमच्या दोघांपेक्षा जास्त. दोन्ही बेटं करावीत की एकच? आणि कार्निव्हल होऊन गेल्यावर तिथे बघण्यासारखं काय असतं, कारण नेटवर बघावं तिकडे पिसांचे मुकुटच दिसतात.

रानवाटा:
दोन्ही करा, फक्त बीच टोबॅगोवर ठेवा. त्रिनिदादचा मराकस देखणा आहे, बेक अँड शार्क (तळलेल्या पावात शार्क मासा) खायला सगळे तिथेच जातात, पण लाटा जोरदार असतात, सासूबाई पाण्यात उतरणार असतील तर टोबॅगोचा पिजन पॉइंट बरा. काचेच्या तळाच्या बोटीतून बुकू रीफ, म्हणजे तिथलं प्रवाळ बघायचं आणि पुढे नायलॉन पूल, म्हणजे भर समुद्रात कमरेएवढं स्वच्छ पाणी, खाली पांढरी वाळू.
पक्ष्यांसाठी त्रिनिदादमधली कॅरोनीची दलदल चुकवू नका. दुपारी चारच्या सुमारास बोट निघते, खारफुटीतून हळूहळू जाते आणि सूर्य मावळायला लागला की स्कार्लेट आयबिसचे थवे झाडांवर उतरायला लागतात, खेकडे-कोळंबी खाऊन खाऊन त्यांना तो लालभडक रंग येतो. सगळं बसून बघायचं, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्नच नाही. डासांचं क्रीम मात्र न्या. टोबॅगोचं मेन रिज जंगल १७७६पासून संरक्षित आहे, तिथल्या वाटा चिखलाच्या, नवऱ्याला एकट्यालाच सोडा.

गल्लीक्रिकेट:
आणि क्वीन्स पार्क ओव्हल?? १९७१ला गावसकरचं पदार्पण तिथेच, भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते त्याच कसोटीत, आणि मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत त्याच मैदानावर त्याचे १२४ आणि २२०. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला जाऊन बाहेरून तरी बघून या राव. सकाळी रस्त्यावर डबल्स खा, मऊ पुऱ्यांमध्ये छोले, तिखट जपून सांगा.

सायलीची_आई:
सासूबाईंना त्रिनिदादमधल्या कारापिचाइमाला न्या, तिथे दत्ताचं मंदिर आहे आणि बाहेर ८५ फुटी हनुमान. तिथून जवळच वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर. सिवदास साधू नावाच्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधलं, ते पाडून टाकलं आणि त्याला तुरुंगातही टाकलं, मग हा पठ्ठ्या सुटून आल्यावर समुद्रात भर घालून तिथे मंदिर बांधायला लागला, समुद्र कोणाच्या मालकीचा नाही म्हणून! १८४५पासून भारतातून मजूर तिथे गेले, त्यामुळे आडनावं ऐकूनही गंमत वाटते.

रानवाटा:
अजून एक, एप्रिलमध्ये त्रिनिदादच्या ग्रँड रिव्हिएर किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. रात्री परमिट आणि गाइड घेऊनच जायचं, फ्लॅश अजिबात नाही.

निळीछत्री:
कासवं! हे माहीतच नव्हतं. त्रिनिदादहून टोबॅगोला बोटीने जावं का विमानाने? आणि रात्रीचं फिरणं कितपत सेफ?

गल्लीक्रिकेट:
विमान, पाऊण तासही लागत नाही. फेरीबोटीला तीन-चार तास आणि समुद्र खवळलेला असला तर उलट्या. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्री पायी भटकू नका, काही भागांत गुन्हेगारी खरंच आहे, ओळखीची टॅक्सी ठरवा. मिलिटरी प्रिंटचे कपडे नेऊ नका, तिथे कायद्याने बंदी आहे. आणि अमेरिकेतून कनेक्शन घेतलंत तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, तिकीट काढायच्या आधी ते बघा.