बारीक ड्रॉईंगच्या कामाला ट्रॅकबॉल घ्यावा की माऊसच बरा?

कोनमापक

ऑटोकॅड (ड्रॉईंग), क्यूजीआयएस (नकाशे) किंवा पीसीबी (सर्किट बोर्ड) लेआऊटमध्ये दिवसभर बिंदू टिपत बसणाऱ्यांनी माऊस बाजूला ठेवून ट्रॅकबॉल (खोकं जागेवर ठेवून फक्त वरचा बॉल फिरवून कर्सर हलवायचं उपकरण) घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. अट एकच: बॉल मोठा आणि बोटांनी फिरवायचा हवा.

मुख्य कारण क्लिकचं आहे. माऊसमध्ये कर्सर हलवणारी वस्तू आणि दाबायचं बटन एकाच खोक्यात असतं. बटन दाबताना बोटाचा जोर खोक्यावर येतो आणि ते किंचित सरकतं. १६०० डीपीआयवर (एक इंच सरकल्यावर १६०० काउंट, म्हणजे हालचालीचे टप्पे) ०.१ मिमी सरकलं की ६ काउंट जातात. विंडोजचा स्पीड मधल्या खुणेवर आणि प्रवेग (हात जोरात हलवला की कर्सर जास्त पळवणारी सोय) बंद असेल, तर तेच ६ पिक्सेल. ऑटोकॅडमध्ये पिकबॉक्सची (वस्तू निवडायच्या चौकोनाची) मूळ किंमत ३ पिक्सेल असते. दोन रेषा चिकटून असल्या की ट्रिम करताना (नको तो तुकडा कापताना) शेजारची उडते ती यामुळेच. ट्रॅकबॉलचं खोकं जागचं हलत नाही. बॉल थांबवा, बोटांचा भार काढा, मग अंगठ्याने बटन दाबा. कर्सर होता तिथेच राहतो.

आता बॉलचा आकार. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊसचा आणि स्लिमब्लेडचा बॉल ५५ मिमीचा आहे, म्हणजे परीघ सुमारे १७३ मिमी. ४०० डीपीआयला एका पूर्ण फेरीत २७०० काउंट मिळतात; १९२० पिक्सेलचा पडदा एका फेरीच्या आत ओलांडतो. अंगठ्याने फिरवायच्या लॉजिटेक एम५७५ किंवा एमएक्स एर्गोचा बॉल ३४ मिमीचा. अंगठा एका ओढीत फार तर ३० मिमी फिरवतो, म्हणजे ४०० डीपीआयला पावणेपाचशे काउंट. पडदा ओलांडायला चार ओढी लागतात. त्याला कंटाळून लोक डीपीआय वाढवतात आणि ज्या बारकाईसाठी ट्रॅकबॉल घेतला तीच घालवून बसतात. शिवाय सगळा भार एका अंगठ्यावर. म्हणून अंगठ्याचा बॉल ड्रॉईंगला घेऊ नये.

सर्वांत जास्त फायदा कुठे होतो, तर स्कॅनवरून गावनकाशा काढताना. गटांच्या हद्दींवर एकामागून एक हजारो क्लिक करावे लागतात, आणि खाली नुसतं चित्र असल्याने स्नॅप व्हायला (कर्सरला आपोआप चिकटायला) काही नसतं. नेम सगळा हाताचा.

पंचडाय

तुमचा ६ पिक्सेलचा हिशोब बरोबर आहे, पण तो कॅडच्या कामाला लागू होत नाही. कॅडमधली अचूकता हातातून येतच नाही. ती ओस्नॅप (वस्तूच्या बिंदूला आपोआप चिकटणं), पोलर (ठरलेल्या कोनांत दिशा धरणं) आणि टाईप केलेल्या आकड्यातून येते. एंडपॉईंटच्या (रेषेच्या टोकाच्या) आसपास कर्सर नेला की ओस्नॅप बिंदूला पकडतो. त्याच्या ॲपर्चरची (पकडीच्या चौकोनाची) मूळ किंमत १० पिक्सेल आहे. त्यात ६ पिक्सेलचा धक्का मावतो. रेषा ४७.३५ मिमीची हवी तर एफ ८ दाबून (रेषा आडवी किंवा उभीच राहते) दिशा द्यायची, ४७.३५ लिहायचं, एंटर. यात ट्रॅकबॉल काय करणार? कर्सरने अंदाजे बिंदू ठेवणारा ड्राफ्ट्समन कुठल्याही उपकरणावर चुकीचंच ड्रॉईंग काढेल. पत्रा कापणाऱ्या पंच आणि डायमधला क्लिअरन्स (फट) पत्र्याच्या जाडीच्या टक्क्यांत मोजला जातो. १ मिमी पत्र्याला एका बाजूला ०.०५ ठेवायचा असेल तर तो ऑफसेटमध्ये (समांतर रेषेच्या कमांडमध्ये) लिहायचा, नजरेने ठेवायचा नाही.

चिकटून असलेल्या रेषांना उपाय झूम आहे. व्हील दोन खाचा फिरवायचं. एकावर एक रेषा आल्या असतील तर कर्सर त्यांच्यावर ठेवून शिफ्ट धरून स्पेस दाबा, एकेक वस्तू पाळीपाळीने उजळते.

राहता राहिला गावनकाशा. १:५००० च्या नकाशाचा ३०० डीपीआय स्कॅन असेल तर एक पिक्सेल जमिनीवर ४२ सेंटिमीटर होतो. कागदावरची शाईची रेघच ०.३ मिमी जाड, म्हणजे दीड मीटर. इतक्या जाड रेघेच्या मध्यावर क्लिक करायला खास उपकरण लागत नाही. तिथे चूक होते ती कागद आकसल्यामुळे आणि जिओरेफरन्सिंगचे (स्कॅन जमिनीवरच्या जागेशी जुळवण्याचे) बिंदू कमी घेतल्यामुळे.

खरा तोटा ओढण्यात आहे. मॅकेंझी, सेलन आणि बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माऊस, टॅब्लेटचा पेन आणि ट्रॅकबॉल यांची तुलना केली होती. नुसतं टिपण्यात आणि बटन धरून ओढण्यात, दोन्हीकडे ट्रॅकबॉल तिसरा आला. कारण उघड आहे: अंगठा बटन दाबून धरणार आणि त्याच हाताची बोटं बॉल फिरवणार. एक स्नायू घट्ट आणि दुसरा सैल ठेवायचा, हे हाताला जमत नाही. ऑटोकॅड २०२१ पासून ट्रिम क्विक मोडमध्ये उघडते. रिकाम्या जागी दाबून ओढलं की वाटेतले तुकडे कापले जातात. ही सोय ट्रॅकबॉलवर जवळजवळ वाया जाते.

कोनमापक

ओढण्याबद्दल मान्य. ट्रॅकबॉलचा तो दुबळा भाग आहे, आणि तो झाकायचा नाही. पण ऑटोकॅड ओढायला भाग पाडत नाही. सिलेक्शनची विंडो दोन क्लिकने होते. ऑप्शन्समध्ये सिलेक्शनच्या पानावर लॅसोची खूण काढून टाका, म्हणजे चुकून बटन धरलं गेलं तरी वेडावाकडा फास पडत नाही. ग्रिपसुद्धा (निवडलेल्या वस्तूवरची चौकोनी खूण) ओढायची नसते: एक क्लिक, ग्रिप लाल होते, बॉल फिरवा, दुसरा क्लिक. क्विक मोडच्या ट्रिमलाही दोन रिकाम्या जागी क्लिक केलं की मधली रेषा फेन्स (कापायची वाट) धरली जाते.

पॅनचं (ड्रॉईंग सरकवण्याचं) म्हणाल तर एक्स्पर्ट माऊसला चार बटनं आहेत. वरच्या डाव्या बटनाला मधलं बटन नेमा. ऑटोकॅडचं एमबटनपॅन हे सेटिंग १ वर असलं की ते धरून बॉल फिरवल्यावर ड्रॉईंग सरकतं आणि दोनदा दाबलं की सगळं ड्रॉईंग पडद्यावर मावतं. पॅनला नेम लागत नाही, त्यामुळे तिथे तुमचा घट्ट-सैल स्नायूंचा मुद्दा फारसा आड येत नाही. झूमसाठी बॉलभोवतीची रिंग आहे. ती एका खाचेत फार उडी घेत असेल तर झूमफॅक्टर हे सेटिंग ६० वरून ३० पर्यंत खाली आणा.

स्नॅपच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. ट्रिमला, हॅचची (रेघांनी भरायच्या भागाची) हद्द टिपायला, लीडरचं (टिपेच्या बाणाचं) टोक ठेवायला, ब्लॉक निवडायला स्नॅप लागत नाही. ड्रॉईंगमध्ये असे क्लिक स्नॅपच्या क्लिकपेक्षा कमी नसतात. प्रत्येक वेळी झूम करून परत मागे येणं हा उपाय आहे खरा, पण तो दिवसभर करायचा का?

गावनकाशाच्या रेघेची जाडी तुम्ही बरोबर काढलीत. तरीही सांगतो, दीड मीटरच्या रेघेत कधी डाव्या कडेला, कधी उजव्या कडेला क्लिक पडला तर सरळ बांध नागमोडी होतो आणि दोन शेजारच्या गटांचं क्षेत्रफळ एकमेकांत सरकतं. मध्यावर सातत्याने पडणं महत्त्वाचं आहे.

वक्ररेषा

तुम्ही दोघं कॅड आणि नकाशातच अडकलात. डिझाईनचं काम म्हणजे फक्त बिंदू टिपणं नव्हे. इलस्ट्रेटर किंवा कोरलमध्ये पेन टूलने वक्र काढताना बिंदू ठेवून, बटन न सोडता हँडल (वक्राची दिशा ठरवणारी दांडी) ओढावं लागतं. देवनागरी अक्षराचा एकेक वळसा असाच घडतो, आणि दोन क्लिकची पळवाट तिथे नाही. बोटांच्या ट्रॅकबॉलवर हँडल हव्या त्या कोनात थांबत नाही, बटन सोडताना ते हलतं. म्हणजे माऊसचा जो दोष कोनमापक सांगतात, तो इथे ट्रॅकबॉलला चिकटतो.

थ्री-डीच्या ब्लेंडरमध्ये मधलं बटन धरून दृश्य फिरतं, शिफ्टसह सरकतं, कंट्रोलसह जवळ-लांब होतं. सॉलिडवर्क्समध्येही फिरवणं मधल्या बटनावरच आहे, पण तिथे कंट्रोलने सरकतं आणि शिफ्टने झूम होतं. दोन्ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचा डावा हात आधीच गोंधळलेला असतो. त्यावर उपाय ट्रॅकबॉल नसून डाव्या हाताला थ्रीडीकनेक्शनचा स्पेसमाऊस हा आहे. त्याची टोपी सहा दिशांनी हलते: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. मॉडेल डाव्या हाताने फिरतं आणि उजवा हात फक्त निवडतो. स्कल्प्टिंग (मातीसारखं मॉडेल घडवणं) करायचं असेल तर पेन टॅब्लेट. ट्रॅकबॉलला दाब कळत नाही.

डावखुरी

जागेचा मुद्दा कुणीच काढला नाही, म्हणून लिहिते. पूर्ण कीबोर्डला उजवीकडे नमपॅड असतो, त्याच्या पलीकडे माऊस. हात दिवसभर खांद्यापासून बाहेर वळलेला, आणि प्रत्येक आकडा लिहायला माऊसवरून नमपॅडवर आणि परत.

एक्स्पर्ट माऊस, स्लिमब्लेड हे दोन्ही हातांना सारखे आहेत. तो कीबोर्डच्या डावीकडे ठेवा आणि डावं-उजवं बटन उलटं करा. मग डावा हात टिपतो आणि उजवा नमपॅडवर आकडे व एंटर मारतो. पंचडाय म्हणतात तशी आकड्यांनी अचूकता आणायची असेल, तर तिला हीच रचना सोयीची. ४७.३५ लिहिताना हात कर्सरवरून उचलावाच लागत नाही.

आक्षेप येईल की कमांडची अक्षरं डाव्या हाताखाली असतात. टीआर, ई, सी, एफ, एक्स डावीकडे आहेत हे खरं. पण एल, एम, ओ उजवीकडे आहेत. वारंवार लागणाऱ्या आठ-दहा कमांड एसीएडी.पीजीपी (कमांडच्या लघुरूपांच्या) फाईलमध्ये उजव्या बाजूच्या अक्षरांवर आणा आणि रीइनिट देऊन फाईल पुन्हा वाचायला लावा. डाव्या हाताला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. पहिल्या आठवड्यात काम मंदावतं, म्हणून डिलिव्हरीच्या तोंडावर हा बदल करू नका.

पंचडाय

रचना चांगली आहे, हे कबूल करतो. पण टूलरूममध्ये एका मशीनवर दोन पाळ्या बसतात. पहिल्या पाळीने बटनं उलटवली, पीजीपी बदलली, तर दुसऱ्या पाळीचा माणूस एम दाबणार आणि भलतीच कमांड सुरू होणार. सामायिक मशीनवर हे करू नये. करायचंच तर विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं लॉगिन हवं. मग बटनांची अदलाबदल आणि पीजीपी दोन्ही ज्याच्या-त्याच्या खात्यात राहतात.

छर्रा

ट्रॅकबॉल "बिघडला" म्हणून कपाटात जातात, त्यांतले बहुतेक फक्त मळलेले असतात. बॉल तीन बारीक टेकूंवर बसतो. हाताचं तेल आणि धूळ मिळून त्या टेकूंवर करडा थर जमतो. लक्षण ओळखा: हळू फिरवताना कर्सर आधी अडतो आणि मग एकदम ८-१० पिक्सेल उडी मारतो. बारीक कामात हाच दोष सर्वांत घातक, कारण जोरात फिरवताना तो जाणवतच नाही.

बॉल काढा, लॉजिटेकला खालच्या भोकातून पेन्सिलीचं मागचं टोक लावून ढकलायचा, एक्स्पर्ट माऊस नुसता उलटा केला की बॉल हातात येतो. टेकू लाकडी टूथपिकने खरवडा, मग आयसोप्रोपाईल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला इअरबड फिरवा. सेन्सरची काच कोरड्या इअरबडने. बॉल मऊ सुती कापडाने पुसा. आठवड्यातून एकदा पुरे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात घामट हातांना दोनदा. मशीन तेल किंवा सिलिकॉन स्प्रे मारू नका, धूळ त्यालाच चिकटते आणि सेन्सरवर ओघळ जातो. साफ केल्यावर बॉल तासभर जड वाटतो, कारण तेलाचा पातळ थरही गेलेला असतो. वापरू लागलं की हाताच्या तेलानेच तो पुन्हा मोकळा फिरतो.

दुसरा दोष दोन्ही उपकरणांत येतो. मायक्रोस्विच झिजला की एका दाबाचे दोन क्लिक होतात. पॉलीलाईनमध्ये एकाच जागी दोन शिरोबिंदू पडतात आणि पुढे वायरकटचा (तारेने धातू कापणाऱ्या मशीनचा) पाथ काढताना तिथे सॉफ्टवेअर अडतं. ओव्हरकिल कमांडने ते काढता येतात, पण स्विच बदलणं हा खरा इलाज. मोबाईल दुरुस्तीवाला सोल्डरिंग करून देतो.

कोनमापक

वक्ररेषा यांचं पेन टूलबद्दलचं म्हणणं मी मान्य करतो. अक्षररचना आणि स्कल्प्टिंग माझ्या प्रस्तावातून वगळा. एक्स-माऊस बटन कंट्रोल या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या बटनाला "डावं बटन दाबून ठेव" असं नेमता येतं. एकदा दाबलं की धरलेलं, पुन्हा दाबलं की सुटलेलं. त्याने लांब ओढणं निभतं, पण हँडलचा नाजूक कोन साधेल असा दावा मी करणार नाही.

वक्ररेषा

मग दोन्ही उपकरणं जोडून ठेवायची असतील तर एक अडचण आधीच सांगते. विंडोजमध्ये कर्सरचा स्पीड आणि प्रवेग दोन्हींना एकच असतो. ४०० डीपीआयचा ट्रॅकबॉल आणि १६०० डीपीआयचा माऊस एकाच खुणेवर चालवला तर एक रांगतो आणि दुसरा पळतो. विंडोजची खूण मधोमध ठेवा आणि फरक उपकरणातच मिटवा. माऊस ८०० पर्यंत खाली आणा. ट्रॅकबॉलचा वेग त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून वाढवा. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन सहज ओढींत जाईल इतकाच.

"एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" (विंडोजचा प्रवेग) ही खूण माऊससाठी काढून टाकावी असं सगळे सांगतात. ट्रॅकबॉलला ती उलट उपयोगी पडते, हळू फिरवल्यावर कर्सर आणखी मंद होतो आणि झटक्याने फिरवल्यावर लांब जातो. पण तीही दोन्हींना एकत्रच लागते. दोन्ही वापरायचे असतील तर ती बंदच ठेवा आणि प्रवेग हवा असेल तर फक्त ट्रॅकबॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू करा.