'फ्लायबाय अ‍ॅनॉमली'ला मराठीत काय म्हणायचं?

पृथ्वीजवळून जाणाऱ्या यानाचा वेग गणितापेक्षा किंचित वेगळा निघतो, त्याला हे नाव आहे; त्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. सध्या 'विचलन' लिहिलंय, पण वाचताना खटकतंय. 'विसंगती' बरा वाटतो का?

---

विचलन नकोच. विचलन म्हटलं की यान खरंच वाटेवरून ढळलं असं होतं आणि नेमकं तेच तर ठरलेलं नाहीये. 1990 च्या डिसेंबरात गॅलिलिओ यान पृथ्वीपासून साधारण 960 किमीवरून गेलं, नंतर डॉप्लरचे (यानाच्या रेडिओ लहरींच्या बदलावरून वेग काढतात ते) आकडे बघितले तर वेग गणितापेक्षा सेकंदाला जवळपास 4 मिमी जास्त, 1998 ला निअर यानाच्या वेळी तर 13 मिमीच्या वर. मग लोकांनी सगळं तपासलं, वातावरणाचं घर्षण (पण त्याने वेग कमी होईल, वाढेल कसा), भरती-ओहोटी, यानावर साठलेला विद्युतभार, पृथ्वीवरून परतणारा उजेड, अगदी डार्क मॅटर (न दिसणारं द्रव्य) सुद्धा, आणि एकानेही हिशेब पुरा होईना. 2008 मध्ये पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी जोडलेलं एक सूत्र मांडलं गेलं, तेव्हाच्या आकड्यांना ते छान बसलं, पण 2013 ला जूनो यान गेलं तेव्हा जास्तीचा वेग दिसलाच नाही. म्हणजे चूक यानात, मोजण्यात की गणितात, काहीच सांगता येत नाही, आणि शब्दानेही ते आधीच सांगून टाकू नये.

म्हणून माझं मत 'तफावत'. रोजमेळात शिल्लक जुळली नाही की आपण तफावत आली म्हणतो, चोरी झाली म्हणत नाही. पायोनियर यानांचंही तसंच, त्यांच्या वेगात वर्षानुवर्षं तफावत होती, 2012 मध्ये कळलं की यानातली उष्णता सगळ्या बाजूंना सारखी बाहेर पडत नव्हती आणि तोच धक्का बसत होता.

---

विसंगती चुकीचा नाही, पण बोलण्या-वागण्यातल्या विरोधाला जास्त शोभतो. आणि एक सांभाळा, कक्षेच्या गणितात अ‍ॅनॉमली म्हणजे एक कोन, त्याला आपल्या जुन्या ज्योतिषगणितात 'केंद्र' म्हणतात, मंदकेंद्र वगैरे. लेखात तो अर्थ आला तर तिथे तफावत चालणार नाही.

---

तफावत पटलं! पण मग फ्लायबाय? 'निकटभ्रमण' एका ठिकाणी वाचलं.

---

भ्रमणात घिरट्या आल्या, यान तर एकदाच जवळून जातं, गोफणीतल्या दगडासारखा वेग घेऊन पुढे. मी 'ओझरती भेट' लिहीन, ओझरत्या भेटीतली तफावत. मथळ्यात लांब वाटलं तर नुसतं 'वेगातली तफावत', आणि पहिल्यांदा येईल तिथे फ्लायबाय अ‍ॅनॉमली हे नावही देवनागरीत द्या, शोधणाऱ्याला सापडेल.