टिपचे पैसे वेगळे मागतायत, कॅश किती न्यायची? अर्जंट मदत हवी आहे

जुई_मुलुंड
पुढच्या शुक्रवारी रात्री निघतोय, मी, नवरा, लेक आणि सासू-सासरे. पॅकेजचे सगळे पैसे भरून झालेत आणि आता फायनल व्हाउचर आलंय त्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की गाइड आणि ड्रायव्हरची टिप माणशी रोज ५ डॉलर, ती तिथे कॅशमध्ये द्यायची. म्हणजे आमच्या घरचे रोजचे २५ डॉलर नुसते टिपचे! ऑफिसला फोन केला तर म्हणे "मॅडम, कस्टमरी आहे". म्हणजे द्यायचीच का? बुकिंगच्या वेळी एक अक्षर बोलले नव्हते. सासरे पेन्शनर आहेत, त्यांचा भाग ते स्वतः भरतायत, भर बसमध्ये सगळ्यांसमोर कोणी पैसे मागितले तर त्यांना फार लागतं आणि मला ते होऊ द्यायचं नाहीये. कॅश किती, कार्ड किती, पैसे इथूनच बदलून न्यायचे का, प्लीज लवकर सांगा, हातात फक्त शनिवार-रविवार आहे.

दादरकर
देश कुठला? ते लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार.

गिरगावकर
जपानमध्ये टिप अजिबात देऊ नका. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वेटर मागे धावत येऊन परत देतो. दुकानातसुद्धा पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. आपल्या लोकांनी हे शिकून घेतलं पाहिजे.

दादरकर
अहो पण त्या जपानला चालल्यात असं कुठे म्हणाल्यात?

सान्वीची_आई
मुलगी केवढी आहे? लहान असेल तर तिची टिप बऱ्याच वेळा धरत नाहीत. आणि जेवण सगळं पॅकेजमध्ये आहे की बाहेर खायचंय? त्यावर कॅशचं गणित बदलतं.

जुई_मुलुंड
व्हिएतनाम. हनोई, हा लाँग बे, मग विमानाने दा नांग. ग्रुप बस आहे. ब्रेकफास्ट आणि डिनर त्यांचं, दुपारचं आपलं. लेक ७ वर्षांची. एवढं पुरेसं आहे का? आता कॅशचं सांगा.

रिटायर्ड_बँकर
ताई, डोळे मिटून फॉरेक्स कार्ड घ्या. डॉलर भरून ठेवायचे, रेट तिथेच लॉक होतो, कार्ड हरवलं तर अॅपवरून ब्लॉक करता येतं, आणि कमी पडले तर मुंबईतून मुलगा-भाऊ कोणीही रीलोड करून देतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना नोटांची पुडकी घेऊन फिरणं मला पटत नाही.

पार्ल्याचा_बाबू
काका, व्हिएतनामला हे लागू होत नाही. आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डांमध्ये डॉलर, युरो, दिरहॅम, बाथ मिळतात, डाँग (व्हिएतनामचं चलन) नसतो. डॉलर भरून तिकडे डाँगमध्ये स्वाइप केलं की बहुतेक कार्डांवर क्रॉस करन्सी चार्ज, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात बदलायचा आकार लागतो. साध्या क्रेडिट कार्डाला साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी खर्चावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तेवढंच. मग झीरो मार्कअपवालं कार्ड बरं. फक्त निघायच्या आधी अॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा, तो बाय डिफॉल्ट बंद असतो.

रिटायर्ड_बँकर
क्रेडिट कार्ड क्लोन होतं, त्याचं काय? फॉरेक्स कार्डात फक्त भरलेले पैसे जातात, क्रेडिट लिमिट जात नाही. मी सुरक्षेबद्दल बोलतोय, दोन टक्के वाचवण्याबद्दल नाही.

पार्ल्याचा_बाबू
लिमिट कमी करून ठेवता येतं ना अॅपमधूनच. असो. दोन्ही कार्डं चालतील ती हॉटेल आणि मॉलमध्येच, बाहेर पन्नास हजार डाँगच्या कॉफीला कोणी मशीन काढत नाही, आणि काढलं तर वर तीन टक्के लावतात. मशीनने रुपये की डाँग असं विचारलं तर डाँगच दाबा, रुपये दाबलेत की त्यांच्या रेटने कापणार.

जुईताई, मी असं करेन. इथून डॉलर न्या, शंभराच्या कोऱ्या नोटा. तिकडे शंभराच्या नोटेला छोट्या नोटांपेक्षा चांगला रेट देतात. नोटेवर पेनाची खूण, शिक्का, जराशी फाटलेली कड असली की परत करतात, म्हणून फोर्टला काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून बघून घ्या. पासपोर्ट, पॅन, तिकीट, व्हिसाची कॉपी लागेल. आणि ५० हजारांच्या वर रुपये कॅशमध्ये घेत नाहीत, खात्यातून द्यावे लागतात. एअरपोर्टवर बदलायचं ठेवू नका, तिथला रेट बघवत नाही.

जुई_मुलुंड
सासऱ्यांकडे त्यांच्या भावाने कधीतरी दिलेले जुने डॉलर आहेत, नोटेवरचं डोकं लहान आहे. ते चालतील का?

पार्ल्याचा_बाबू
व्हॅलिड असतात, पण तिकडचे मनी चेंजर जुन्या डिझाइनच्या नोटा बऱ्याचदा घेत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नका.

टूरवाला
मी बरीच वर्षं ह्या लाइनमध्ये होतो म्हणून टिपचं मी सांगतो. व्हिएतनामी लोक आपापसात टिप देत नाहीत, पण टुरिस्ट बसवरच्या गाइड-ड्रायव्हरचं रोजचं मानधन स्वस्त पॅकेजमध्ये इतकं कमी धरलेलं असतं की टिप हाच त्यांच्या कमाईचा मोठा भाग असतो. तो माणूस सकाळी सहाला हजर असतो, तुमच्या आजी-आजोबांना हात धरून बोटीत चढवतो. त्याचे पैसे अडवू नका.

पण ऑफिसला आत्ताच मेल टाका, फोन नको. तीन गोष्टी लेखी विचारा. ही टिप कंपल्सरी आहे की ऐच्छिक, ७ वर्षांच्या मुलीची धरायची का, आणि मुंबईहून येणाऱ्या टूर मॅनेजरची ह्यातच आहे की वेगळी. अजून एक, जे कोणी सांगत नाही. हनोईचा गाइड आणि ड्रायव्हर दा नांगला येत नाहीत, तिकडे दुसरी माणसं असतात. त्यामुळे पूर्ण टूरची टिप पहिल्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, शहराप्रमाणे वेगवेगळी पाकिटं इथूनच करून न्या.

कोथिंबीर
सक्तीची असेल तर ती टिप कसली? किमतीत धरा ना. जाहिरातीत आकडा छोटा दिसावा म्हणून हे पैसे बाहेर काढून ठेवतात आणि मग गिऱ्हाइकाला तिकडे परदेशात कोंडीत पकडतात. मी तर दिली नसती.

टूरवाला
राग कंपनीवर काढा, बरोबरच आहे तुमचं. पण न दिल्याने कंपनीचं काहीच जात नाही, जातं ते त्या गाइडचं.

कोथिंबीर
आणि सगळ्यांनी देत राहिलं तर कंपनी किंमत कधीच सुधारणार नाही. हे पण खरं आहे की नाही?

दादरकर
दोघांचंही खरं आहे, पण हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या ना, बाईंची फ्लाइट शुक्रवारी आहे.

सान्वीची_आई
गाइडशिवाय अजून ठिकाणं आहेत जिथे मागतात, ती आधी माहीत असलेली बरी. हनोईच्या दक्षिणेला निन बिनमध्ये ताम कोकची बोट असेल तर वल्हवणाऱ्या बायका शेवटी टिप मागतात, पायांनी वल्ही मारतात हो त्या, बघूनच जीव थकतो, आम्ही बोटीमागे ५० हजार डाँग दिले. मध्येच भरतकामाच्या वस्तूही दाखवतात, नको असेल तर हसून नाही म्हणायचं. होई आनजवळ नारळीच्या बनात त्या गोल टोपल्यांच्या बोटी गरागरा फिरवून दाखवतात तिथेही पैसे पुढे करायची अपेक्षा असते. क्रूझवर रिसेप्शनला टिपचा डबा असतो, त्यात एकदाच टाकायचे. रेस्टॉरंटमध्ये बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वर काही नको.

आणि नोटा! २० हजार आणि ५ लाख, दोन्ही निळ्या. अंधारात टॅक्सीवाल्याला सत्तर रुपयांऐवजी साडेसतराशे जायचे. सासूबाईंना ५ लाखाच्या नोटा देऊच नका, वेगळ्या कप्प्यात ठेवा. हिशेबाला सोपं म्हणजे शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेतीनने गुणायचं, रुपये येतात.

लोकल_८_१२
यूपीआय चालतं का तिकडे? मी ऐकलंय आयफेल टॉवरच्या तिकिटाला चालतं.

पार्ल्याचा_बाबू
आयफेलला चालतं, सिंगापूर, दुबईतही बऱ्याच ठिकाणी. पण व्हिएतनाममध्ये दुकानादुकानांत क्यूआर दिसतील ते त्यांच्या बँकांचे, त्यावर विसंबू नका.

वरणभात
ठेपले, खाकरे, मेतकूट भरपूर न्या. तिकडे शाकाहारी सांगितलं तरी फिश सॉस असतो. 'चाय' म्हणजे त्यांच्याकडे शाकाहारी, तो शब्द वापरा.

जुई_मुलुंड
वरणभात, आम्ही मासे खातो, पण सासूबाई सोमवारी खात नाहीत, लक्षात ठेवते. आता मला रोजचा आकडा हवाय. पाच जण, दुपारचं जेवण, पाणी, कॉफी, एखादी टॅक्सी. किती?

पार्ल्याचा_बाबू
रोजचे १० लाख डाँग धरा, साडेतीन हजार रुपये. इंडियन रेस्टॉरंटच हवं असेल तर त्याच्या वर. डॉलर सगळे एकदम बदलू नका, शंभर-दोनशे करत हनोईत बँकेत नाहीतर परवाना असलेल्या सोन्याच्या दुकानात बदला, उरलेले डाँग मुंबईत कोणी घेत नाही. एटीएमला प्रत्येक वेळी चार्ज आणि बऱ्याच मशीनमधून एका वेळी २०-३० लाख डाँगच निघतात, तेव्हा ते फक्त अडचणीला.

जुई_मुलुंड
मेलला उत्तर आलं. लेकीची टिप नाही, टूर मॅनेजरची ह्यातच आहे, आणि "ऐच्छिक परंतु अपेक्षित" असं लिहिलंय. मी परत लिहिलं की आम्ही देणार आहोत, चौघांची पूर्ण देणार आहोत, पण बसमध्ये माइकवरून मागायची नाही आणि सासऱ्यांकडे कोणी जायचं नाही, माझ्याकडे यायचं. त्यावर हो म्हणालेत. टिपसाठी पाच-दहाच्या डॉलर नोटाही घेते. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले हनोईच्या गाइडचं पाकीट मी देईन, माझ्या हाताने. मला बरं वाटलं.

फोर्टला शनिवारी दुपारी दुकानं उघडी असतात का हो?

दादरकर
सकाळीच जा, शनिवारी काही जण लवकर बंद करतात. आणि रेट दोन-तीन काउंटरला विचारा, लगेच घेऊ नका.

गिरगावकर
जपानचा धागा मी वेगळा काढतोय, कोणाला हवा असेल तर.