रविवारी ऑन-कॉल ड्युटी आणि शब्बाथ (देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस): तुम्ही कसं जमवता?

मदत हवी आहे. मी सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये आहे, महिन्यातले दोन रविवार ऑन-कॉल असतो. गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर हातात आणि खिशात फोन थरथरतोय. बाहेर पळालो, सर्व्हर चालू केला, परत आलो तर शेवटचं गीत सुरू. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "माझा फोन घरी ठेवायला लावता, मग तुमचा?" उत्तर सुचलं नाही.

बायबलच्या निर्गम 20 मधली शब्बाथ पाळण्याची आज्ञा पाठ आहे. शब्बाथ माणसासाठी झाला, हे मार्क 2:27 मधलं प्रभूचं म्हणणंही माहीत आहे. पण खरं सांगू, ते वचन मी सोयीने पुढे करतो अशी शंका माझी मलाच येते. (इ.स. 321 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारची सुट्टी कायद्यात आणली, तेव्हा शेतकऱ्यांना सूट होती. पीक थांबत नाही म्हणून! सर्व्हरही थांबत नाही.)

आमचे पाळक रोमकरांस पत्र 14:5 (कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे) दाखवून म्हणतात, दुसरा दिवस विश्रांतीला ठेव. मंगळवारी सुट्टी घेऊन पाहिली. दिवसभर एकटाच घरात, मंडळी नाही की कुटुंब नाही. त्याला शब्बाथ म्हणवेना.

नर्स, ड्रायव्हर, पोलीस असे कुणी विश्वासणारे इथे असतील तर सांगा: तुम्ही काय करता? आणि उपासनेचे दोन तास तरी दुसऱ्याकडे द्या, हे साहेबांना कसं सांगावं? सहकारी ख्रिस्ती नाहीत, त्यांच्यावर भार टाकतोय असं वाटायला नको.